मुलाला शिबिरात धाडण्यापूर्वी

रविवारची वंदना आटोपली, मंडळी पांगू लागली, तरी एक ताई विहाराच्या दाराशी थांबून होत्या. हातात घडी घातलेले रंगीत पत्रक होते. बिघडलेल्या मुलांसाठी डोंगरात निवासी शिबिर, निसर्गाच्या सान्निध्यात कडक शिस्त, नव्वद दिवसांत मुलगा सुधारून देऊ, असा त्यावरचा मजकूर. ताईंचा मुलगा आठवीत आहे. वडील वारल्यापासून तो शाळेत टिकत नाही, घरात भांडी फेकतो, रात्र रात्र जागा असतो. मागच्या महिन्यात त्याने धाकट्या बहिणीवर हात उगारला. ताई म्हणाल्या, "तुम्ही आरोग्याचं पान लिहिता. याला पाठवू का? पैशांचं करते मी काहीतरी. पण मन धजत नाही."

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. मनाने त्रासलेल्या मुलांना रानात राहायला नेऊन बरे करण्याची पद्धत अमेरिकेत वाढली. तिने कित्येक मुले सावरली. तिचेच नाव घेऊन चालवलेल्या शिबिरांत मुलांचे जीवही गेले. एकाच नावाखाली या दोन गोष्टी कशा घडल्या, हे समजले तर पत्रक हातात आलेल्या कोणत्याही पालकाला निर्णय घेणे सोपे जाईल. म्हणून हा लेख.

मुलाला होतंय तरी काय?

भावनिकदृष्ट्या अस्वस्थ मूल म्हणजे वाया गेलेले मूल नव्हे. त्याच्या मनावर त्याच्या वयाला न पेलणारा भार पडलेला असतो आणि तो उतरवायची रीत त्याला ठाऊक नसते. मुलगी रडली तर आपण जवळ घेतो. मुलगा रडला तर "पोरगा असून रडतोस काय?" म्हणतो. त्यामुळे मुलाचे दुःख पुष्कळदा डोळ्यांतून न येता हातातून बाहेर पडते. तो मारामारी करतो, वस्तू फोडतो, घरातून पळतो. काही मुले उलट गप्प होतात, अंथरुणातून उठत नाहीत.

मागे कारणे अनेक असतात. घरातला मृत्यू, वडिलांची दारू, रोजची मारहाण, कोणी केलेला लैंगिक छळ. वर्गात जातीवरून मारलेला टोमणा मुलगा घरी येऊन सांगत नाही, पण तो आत साठत राहतो. कधी वाचन-लेखनातली अक्षमता कोणाच्या लक्षातच आलेली नसते, आणि मुलगा 'ढ' ठरून वर्षानुवर्षे अपमान गिळत असतो. कधी अतिचंचलता, नैराश्य किंवा फेफरे यांसारखा आजार असतो. बाहेरून सगळ्यांना दिसतो तो फक्त राग.

अशा मुलाचा मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेला असतो. त्याला डॉक्टरांसमोर खुर्चीत बसवले तर तो अर्धा तास जमिनीकडे बघत बसतो. बोलून होणारा उपचार बोलणेच बंद असलेल्या मुलापर्यंत पोहोचवायचा कसा, या अडचणीतून रानातल्या शिबिराची कल्पना पुढे आली. आधी एकत्र राहू, एकत्र राबू, बोलणे त्यातून आपोआप येईल, असा तिचा विचार आहे.

हिरवळीवरचे तंबू

या पद्धतीचा इतिहास सांगणारे बहुधा १९०१ सालापासून सुरुवात करतात. न्यूयॉर्कच्या वॉर्ड्स बेटावर मनोरुग्णांचे मोठे सरकारी रुग्णालय होते. तिथल्या क्षयरोगी मनोरुग्णांना इतरांपासून वेगळे ठेवण्यासाठी त्या जूनमध्ये रुग्णालयाच्या हिरवळीवर तंबू ठोकले आणि सुमारे ४० रुग्णांना तिथे हलवले. हेतू एवढाच, की क्षय पसरू नये. पण थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या लक्षात आले, की यांची प्रकृती तर सुधारते आहेच, शिवाय वागणेही सुधारते आहे. मग क्षय नसलेल्या काही रुग्णांनाही तंबूत ठेवून पाहिले गेले.

ही सुधारणा मोकळ्या हवेने झाली, की मोठ्या गजबजलेल्या कक्षातून मोजक्या माणसांच्या तंबूत आल्यामुळे, तिथे परिचारकांचे अधिक लक्ष मिळाल्यामुळे झाली? हा प्रश्न तेव्हाही उरला आणि पुढेही उरला. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा. लेखाच्या शेवटी आम्हाला त्याकडे परत यायचे आहे.

टेक्सासच्या रानातले दहा जण

मुलांसाठी या पद्धतीला घाट दिला तो कॅम्पबेल लॉफमिलर यांनी. टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात व्यापारी-व्यावसायिकांनी १९२० साली 'सेल्समनशिप क्लब' नावाचे मंडळ स्थापले होते. हे मंडळ मुलांसाठी उन्हाळी शिबिर चालवी. १९४६ साली लॉफमिलर त्याचे संचालक झाले आणि सुट्टीतल्या शिबिराचे रूप पालटले. पूर्व टेक्सासच्या पाइन वृक्षांच्या रानात, शाळेने आणि घराने हात टेकलेली मुले बारा महिने राहू लागली. मुलगा काही आठवड्यांत 'दुरुस्त' होऊन परतेल, असे इथे कोणी सांगत नसे. मुक्काम बहुधा वर्षभराचा, कधी त्याहून अधिकच असे. आपला अनुभव लॉफमिलर यांनी 'वाइल्डरनेस रोड' या पुस्तकात मांडला. ते १९६५ साली टेक्सास विद्यापीठाच्या हॉग फाउंडेशनने प्रसिद्ध केले.

रचना अगदी साधी. सुमारे दहा मुलांचा एक गट आणि त्या गटासोबत अहोरात्र राहणारे दोन तरुण गटप्रमुख. पक्क्या खोल्या नाहीत. झाडे तोडून वासे करायचे, ते बांधायचे, वर कॅनव्हास ताणायचा आणि आपला निवारा आपणच उभा करायचा. संडास खोदायचा, सरपण फोडायचे, पाणी आणायचे. आठवड्यातली काही जेवणे गट स्वतः रांधी. काय करायचे, किती जणांना किती लागेल, खर्च किती येईल, हे मुलांनीच बसून ठरवायचे. रोजचा वर्ग भरत नसे. हिशेब, मोजमाप, पत्रलेखन, प्रवासाची नोंदवही यांतून शिक्षण होई. पुढे गट तयार झाला की नदीतून होड्यांनी लांबचा प्रवास, कधी कित्येक आठवड्यांचा. त्याचीही आखणी मुलांचीच.

या सगळ्यात उपचार कुठे आहे, असे कोणी विचारील. तो दोन ठिकाणी होता.

पहिले ठिकाण म्हणजे भांडण. समजा, संध्याकाळी भांडी घासायची पाळी एकाची आहे आणि तो उठत नाही. दुसरा त्याला शिवी देतो, पहिला लाकूड उचलतो. अशा वेळी गटाचे काम जिथल्या तिथे थांबे. सगळे जण गोल करून उभे राहत. काय झाले ते दोघांनीही सांगायचे, बाकीच्यांनी काय पाहिले ते सांगायचे, आणि तोड निघेपर्यंत कोणी हलायचे नाही. जेवण गार झाले तर झाले, पोहायला जायचे राहिले तर राहिले. गटप्रमुख शिक्षा फर्मावत नसे. मुलाला मोकळे सोडून निघूनही जात नसे.

घरी आणि शाळेत या मुलाने काय पाहिलेले असते? चुकले की मार, नाहीतर हकालपट्टी. इथे त्याला तिसरीच गोष्ट दिसे. आपण कितीही चिडलो तरी दहा जण आपल्यासाठी थांबून आहेत, आणि आपण जे केले त्याविषयी बोलल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत. पहिल्या महिन्यात मुलगा याला वैतागे. हळूहळू दुसऱ्याच्या भांडणात तोच गोल करायला पुढे होई.

दुसरे ठिकाण म्हणजे रात्रीची शेकोटी. दिवस कसा गेला, काय जमले, कोणाचे काय चुकले, हे रोज बोलायचे. ज्या मुलाला खुर्चीत बसून तोंड उघडता येत नव्हते, त्याला अंधारात, आगीकडे बघत, दिवसभर सोबत राबलेल्या सोबत्यांमध्ये बोलता येई. नजरेला नजर द्यावी लागत नाही, ही लहान वाटणारी सोय मोठी आहे. आपल्याकडेही मुले मनातले बोलतात ती सायकलवर मागे बसून, नाहीतर शेतात काम करताना.

रानाचा उपयोग असा, की तिथे काम खोटे नसते. छप्पर नीट बांधले नाही तर पावसात गळते. त्यासाठी कोणी रागवावे लागत नाही. छप्पर नीट झाले तर 'हे मी केले' हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. आयुष्यभर 'तुला काही येत नाही' ऐकलेल्या मुलाला असा पुरावा हवा असतो.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. मुलगा घरापासून तोडलेला नसे. ठरावीक काळाने तो घरी जाऊन येई, आणि आईवडिलांशीही काम चालू असे. मुलगा बदलला आणि घर तसेच राहिले, तर परतल्यावर सारे मुसळ केरात, हे त्या लोकांनी ओळखले होते.

पद्धत पसरली, मूळ सुटले

टेक्सासचा हा नमुना इतरत्र गेला. औषध दुकानांच्या साखळीचे मालक जॅक एकर्ड आणि त्यांच्या पत्नी रूथ यांनी १९६८ साली फ्लोरिडात याच धर्तीचे शिबिर सुरू केले. त्याच काळात दुसरे दोन प्रवाहही वाढत होते. एक 'आउटवर्ड बाउंड'चा. १९४१ साली वेल्समध्ये कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांनी तरुण खलाशांना संकटात तग धरायला शिकवण्यासाठी ही शाळा काढली होती आणि पुढे ती अमेरिकेत पोहोचली. दुसरा प्रवाह युटा राज्याचा. तिथल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात १९६० च्या दशकाअखेर वाळवंटात अगदी कमी साधनांवर तगून राहण्याचे वर्ग सुरू झाले. हे दोन्ही मुळात साहसाचे शिक्षण होते. मानसिक उपचार म्हणून त्यांची रचना झालेली नव्हती.

१९८० नंतर यातून धंदा उभा राहिला. दिवसाला शेकडो डॉलर घेणारी खाजगी शिबिरे निघाली. हताश पालक हे त्यांचे गिऱ्हाईक. काही शिबिरांनी मुलांना आणण्यासाठी माणसे नेमली. पालकांच्या संमतीने ही माणसे मध्यरात्री घरात येत आणि झोपेतल्या मुलाला उठवून घेऊन जात. उपाशी ठेवणे, पाठीवर ओझे देऊन उन्हात मैलोन्मैल चालवणे, घरच्यांना लिहिलेली पत्रे वाचणे, यालाच उपचार म्हटले जाऊ लागले. दहा जणांचा गट, न सोडून जाणारा गटप्रमुख, संध्याकाळचे बोलणे हे सारे बाजूला पडले. उरले रान आणि हाल.

१९९० साली युटाच्या वाळवंटात अशाच एका शिबिरात १६ वर्षांची मुलगी उष्माघाताने गेली. १९९४ साली त्याच राज्यात दुसऱ्या शिबिरात १६ वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याच्या जठराच्या व्रणाला छिद्र पडून पोटात संसर्ग पसरला होता. तो दिवसेंदिवस पोट दुखते म्हणून सांगत होता, वाळत चालला होता. सोबतचे कर्मचारी म्हणत होते, नाटक करतो आहे.

इथे आम्हाला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आरोग्याची आहे. 'हा खोटे बोलतो' असा शिक्का एकदा मुलावर बसला, की त्याचे खरे दुखणेही खोटे ठरते. अस्वस्थ मुलगा पोट दुखते म्हणाला, चक्कर येते म्हणाला, तर आधी तपासायचे. संशय नंतर. घरी असो की शिबिरात, हा नियम मोडता कामा नये.

२००७ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा निवासी कार्यक्रमांतल्या मृत्यूंपैकी १० प्रकरणे तपासून संसदेपुढे मांडली. त्यांत पुन्हा पुन्हा तेच आढळले. कर्मचारी अप्रशिक्षित, मुलांना पुरेसे अन्न नाही, कारभार बेफिकीर. तरीही हे थांबले नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाला आणि चोवीस तासांच्या आत मरण पावला. रात्री त्याला एका माणसापुरत्या बंद झोपण्याच्या पिशवीसारख्या तंबूत ठेवले होते. शवचिकित्सेत गुदमरून मृत्यू झाल्याचे निष्पन्न झाले. राज्य सरकारने त्याच वर्षी मे महिन्यात शिबिराचा परवाना रद्द केला. लहानपणी अशा संस्थांमध्ये राहिलेल्या अनेकांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मुलांच्या निवासी संस्थांतल्या छळाला आळा घालण्यासाठी अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला.

अभ्यास काय सांगतात?

मग ही पद्धतच टाकाऊ म्हणायची का? अभ्यास तसे सांगत नाहीत. विल्सन आणि लिप्सी यांनी २००० साली गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठीच्या रानातल्या कार्यक्रमांवरील २८ अभ्यास एकत्र तपासले. अशा कार्यक्रमांतून गेलेल्या मुलांपैकी पुन्हा गुन्ह्याकडे वळणारी सुमारे २९ टक्के होती, तर न गेलेल्यांत सुमारे ३७ टक्के. फायदा आहे, पण बेताचा. ज्या कार्यक्रमांत शारीरिक आव्हान भरपूर होते किंवा समुपदेशनाची जोड होती, तिथे परिणाम अधिक दिसला. दहा आठवड्यांहून लांबलेल्या कार्यक्रमांत तो एकंदरीने कमी होता. म्हणजे जितके जास्त दिवस तितका जास्त गुण, असा हिशेब इथे चालत नाही. टेक्सासला वर्षभर ठेवीत म्हणून कोणीही वर्षभर ठेवावे, असेही म्हणता येत नाही.

२०१३ साली बोवेन आणि नील यांनी साहसी उपचारांवरील १९७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि मध्यम प्रमाणात फायदा नोंदवला. मात्र या क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नसतो. मुलगा शिबिराने सुधारला, की काळ गेला म्हणून निवळला, हे अशा वेळी ठामपणे सांगता येत नाही.

लष्करी थाटाच्या शिस्तशिबिरांबद्दल मात्र चित्र स्पष्ट आहे. कवायत, ओरडणे, अपमान यांवर चालणाऱ्या अशा शिबिरांवरील ३२ अभ्यास तपासून २००५ साली संशोधकांनी सांगितले, की त्यांतून गेलेल्यांच्या पुन्हा गुन्हा करण्यात एकंदरीने फरक पडत नाही. कडक शिस्तीने सुधारतो, ही आपली आवडती समजूत मोजणीत टिकलेली नाही.

आता वॉर्ड्स बेटावरचा तो जुना प्रश्न. गुण कशाचा, हवेचा की माणसांचा? टेक्सास आणि युटा शेजारी ठेवून पाहिले तर आमचे मत असे झाले. आकाश दोन्हीकडे मोकळेच होते. कष्ट दोन्हीकडे होते. एका ठिकाणी मोजकी, ओळखीची, सोडून न जाणारी माणसे होती, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती. रान मदत करते, पण मुलाला सावरतो माणूस. हे ज्या शिबिरात नाही, तिथला डोंगर कितीही सुंदर असो, मुलाला तिथे पाठवू नये.

पत्रक हातात आले, तर हे विचारा

आपल्याकडेही उन्हाळी साहस शिबिरे, व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे, शिस्त शिबिरे पुष्कळ आहेत. निरोगी मुलाने दहा दिवस गड चढावेत, तंबूत राहावे, यात आनंद आहे. पण मनाने त्रासलेल्या मुलावर उपचार करतो असे कोणी म्हणत असेल, तर पालकांनी संकोच न करता पुढील प्रश्न विचारावेत.

१. प्रवेशापूर्वी मुलाला कोण तपासणार? मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ आहे का? त्यांचे नाव आणि नोंदणी दाखवा.

२. माझ्या मुलाच्या गटात किती मुले, आणि चोवीस तास सोबत कोण? रात्री कोण असते?

३. मुलाला नीट कल्पना देऊन आणायचे, की फसवून? "फिरायला जातोय सांगा आणि सोडून जा" असे कोणी सुचवले, तर तिथूनच परत फिरा.

४. मी मुलाशी फोनवर एकट्याने कधी बोलू शकते? न कळवता भेटायला आले तर भेटू द्याल का?

५. मुलाने ऐकले नाही तर काय करता? मारणे, उपाशी ठेवणे, एकटे कोंडणे, उन्हात उभे करणे, यांपैकी काहीही 'थोडेसे' चालत असेल, तरी नको.

६. मूल आजारी पडले तर जवळचे रुग्णालय किती अंतरावर, गाडी कोणती? त्याच्या चालू गोळ्या कोण देणार?

७. शिबिर संपल्यावर पुढचे सहा महिने काय? घरच्यांसोबत बसणार का?

८. किती दिवसांत बरा करता? याला जो आकडा आणि हमी देईल, त्याच्यापासून सावध राहा.

कायदाही ठाऊक असू द्या. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करायचे, तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यांपैकी एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असतो. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि मुक्कामभर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबती जवळ असावा लागतो. रुग्णालयावर एवढी बंधने असताना, 'तीन महिने पालकांनी यायचे नाही' म्हणणाऱ्या शिबिरावर आपण विश्वास का ठेवावा? तसेच बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, छळले वा हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले, तर तो गुन्हा आहे.

रान लांब असले तरी

टेक्सासमधले जे खरे औषध होते, त्यातला मोठा भाग आपल्या वस्तीत करता येतो. त्याला पैसा फारसा लागत नाही. सातत्य लागते.

तीच ती आठ-दहा मुले, तोच तो एक दादा किंवा काका, आणि दर आठवड्याला तीच वेळ. दर वेळी नवा पाहुणा आणि नवे भाषण नको. हाताला खरे काम द्यावे. विहाराच्या आवारात झाडे लावून ती उन्हाळ्यात जगवणे, अभ्यासिकेची कपाटे दुरुस्त करणे, महिन्यातून एकदा सगळ्यांसाठी खिचडी मुलांनीच रांधणे, आणि तिचा बाजारहाट व हिशेबही त्यांनीच करणे. भांडण झाले की काम थांबवून गोल करावा. शेवटी पंधरा मिनिटे बसून दिवस कसा गेला ते बोलावे. मुलगा दोनदा आला नाही तर तिसऱ्यांदा कोणीतरी त्याच्या घरी जावे. या शेवटच्या गोष्टीवर सारे अवलंबून आहे.

पुष्कळ वाचक विचारतील, आपले श्रामणेर शिबिर आहेच की. श्रामणेर शिबिरात मुलांना शांतता, नियमित दिनक्रम आणि चांगली संगत मिळते, हे आम्ही पाहिले आहे. पण ते उपचाराचे ठिकाण नाही. ज्याला झोप नाही, जो स्वतःला इजा करतो, त्याला चीवर देऊन दहा दिवस बसवणे हा त्याच्यावरही अन्याय आणि भन्तेजींवरही. आधी डॉक्टर, मग शिबिर, आणि तेही मुलाची इच्छा असेल तर.

डॉक्टरांकडे लगेच न्यावे अशी लक्षणे सांगतो. मरणाची भाषा करणे, स्वतःला कापणे वा जाळणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक हरपणे, कानात आवाज येतात म्हणणे, नशा, फेफरे, घरातल्यांना गंभीर इजा होईल असे वागणे. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून मराठीतही बोलता येते. मुलावर कुठेही अत्याचार होत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक लावावा. पालकांनी लावावा, शेजाऱ्यांनी लावावा, मुलाने स्वतःही लावावा.

पंधरा दिवसांनी ताई आल्या, तेव्हा आम्ही त्यांना वरची प्रश्नांची यादी दिली. त्यांनी आमच्यासमोरच पत्रकावरचा क्रमांक फिरवला आणि चौथा प्रश्न विचारला. पलीकडून उत्तर आले, पहिले पंचेचाळीस दिवस बोलणे नाही, भेट नाही, आई आली की पोरगा ढिला पडतो. ताईंनी फोन ठेवला आणि पत्रकाची पुन्हा घडी घातली.

मुलगा आता दर गुरुवारी सरकारी रुग्णालयात जातो. डॉक्टरांनी सांगितले, की हा राग नसून वडिलांच्या मृत्यूनंतरचे नैराश्य आहे. गोळ्या सुरू आहेत. दोनदा त्याने जायला नकार दिला, तेव्हा वस्तीतला एक दादा त्याच्या दारात मोटारसायकल लावून अर्धा तास बसून राहिला. पहिल्या वेळी मुलगा आला नाही. दुसऱ्या वेळी आला.